दुसऱ्यानं बांधलेलं विमान आणि पाना आपल्या हातात, हे बरोबर आहे का?

लातूरचा_बेअरिंगवाला
परवा भाच्याचा अमेरिकेतून व्हिडिओ कॉल आला. ग्रीनकार्ड झालं तसं त्यानं तिथं एक सेकंडहँड होमबिल्ट विमान घेतलंय, दोन सीटचं, कुण्या रिटायर माणसानं गॅरेजमध्ये किट आणून बांधलेलं, आणि हा पठ्ठ्या खाली मांडी घालून त्याचे ब्रेक खोलायलाय. म्हणलं अरे लायसन? तर म्हणे लागतच नाही मामा. चौकशी केली तर खरंच नाही लागत! कंपनीच्या विमानाच्या दुरुस्तीचा जो नियम आहे तिथं, पार्ट ४३, तो असल्या घरी बांधलेल्या, म्हणजे एक्सपेरिमेंटल विमानाला लागूच नाही. इंजिन उतरवा नाहीतर पंख उतरवा, कोणी विचारत नाही. फक्त वर्षातून एकदा कंडिशन इन्स्पेक्शन, म्हणजे सगळं विमान तपासायचं, त्याच्यावर सही साधारण ए अँड पी मेकॅनिकची (विमानाचा सांगाडा आणि इंजिन दोन्हीचं लायसन असलेला), नाहीतर ज्यानं बांधलं त्याची. बांधणाऱ्याला त्या एका विमानापुरतं रिपेअरमन सर्टिफिकेट मिळतं, आणि विमान विकलं तरी ते त्याच्याच खिशात राहतं, घेणाऱ्याला येत नाही.

माझं म्हणणं, ज्यानं एकेक रिव्हेट मारला त्याला पाना द्या, पण विकत घेणाऱ्याला काहून? तीस वर्षं ट्रॅक्टरचं काम करतोय, दुसऱ्यानं वायरिंग केलेला ट्रॅक्टर आला की मी आधी चहा मागवतो.

वाळूज_नाईट_शिफ्ट
मामा चहा मागवता पण काम तुम्हीच करता ना शेवटी 😄 पैसे त्याचे, जीव त्याचा, उडवणार तो. आणि लायसनवाल्याचं उगी कौतुक नको, ए अँड पीची दोन्ही रेटिंग ३० महिन्यांच्या अनुभवावर मिळतात, ते सगळे महिने सेस्नासारख्या कंपनीच्या विमानाखाली गेले असतील आणि असलं घरी बांधलेलं विमान त्यानं जन्मात बघितलं नसेल, मग त्याला जास्त कळतं का रोज त्याच विमानात बसणाऱ्याला? दरवाजापाशी २ इंची अक्षरात एक्सपेरिमेंटल लिहिलेलं असतं, आत पॅसेंजरसाठी पाटी असते की हे विमान नेहमीच्या विमानाच्या नियमात बसत नाही. वाचून बसायचं नाहीतर नाही बसायचं.

लातूरचा_बेअरिंगवाला
जीव त्याचा एकट्याचा कसा ओ, खाली माणसं राहत नाहीत काय.

चिकलठाण्याचा_जुना_एएमई
दोघंही जरा थांबा, मी एएमई, म्हणजे विमानाचा मेंटेनन्स इंजिनिअर. बांधणाऱ्याला सगळं कळतं हे तुम्ही गृहीत धरलंय म्हणून लिहायलोय. जॉन डेन्व्हर नावाचा अमेरिकन गायक १२ ऑक्टोबर १९९७ ला कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ समुद्रात पडून गेला. विमान लाँग-ईझेड, म्हणजे घरी बांधायचंच, बर्ट रुटान नावाच्या डिझायनरचं डिझाइन, सेकंडहँड, नुकतंच घेतलेलं. प्लॅनमध्ये टाकी बदलायचा फ्युएल व्हॉल्व्ह पायलटच्या समोर, पायांच्या मध्ये होता, पण बांधणाऱ्यानं पेट्रोलचे पाइप कॉकपिटमध्ये नकोत म्हणून तो मागं, डाव्या खांद्याच्या पाठीमागं नेला. विचार वाईट नव्हता बघा. पण बसल्या जागेवरून हात पुरेना. उडण्याआधी मेंटेनन्सवाल्यानं दांड्याला व्हाइस ग्रिप पकड लावून लांबी वाढवून बघितली, तरी पुरेना. हवेत टाकी बदलायला मागं वळलं की उजवा पाय नकळत रडरवर (शेपटीची पट्टी वळवायचं पेडल) दाबला जातो आणि विमान ताब्यातून जातं. पेट्रोल कमी होतं आणि त्या विमानाचा सरावही कमी, तेही चौकशीत आलंच.

म्हणजे बदल केला बांधणाऱ्यानं आणि मेला विकत घेणारा. आणि मामा, तुमच्या नियमानं त्या विकत घेणाऱ्याला तो व्हॉल्व्ह पुढं आणायचीसुद्धा परवानगी नसती.

ब्रेक पॅड बदलणं आणि प्रॉपेलर बदलणं हेसुद्धा एका तराजूत घालू नका. मेजर चेंज केला, म्हणजे प्रॉपेलर किंवा इंजिनच दुसरं बसवलं, की तिथल्या विमान खात्याच्या ऑफिसला कळवावं लागतं आणि विमान परत टेस्टिंगमध्ये जातं, कमीत कमी ५ तास, ठरलेल्या एरियात, पॅसेंजर न घेता. लॉगबुकात नोंद वेगळी. अगदीच मोकळं रान नाही ते. मला विचाराल तर बॅटरी हातभर मागं सरकवली तरी वजन-बॅलन्स नव्यानं काढायला पाहिजे, आणि माझी भीती तिथं आहे, कारण पाना सगळ्यांना चालवता येतो, वजनकाटा कोणी आणत नाही.

धाराशिव_ऊसवाला
भाचा पेट्रोल कोणतं टाकतो ते विचारा आधी. आमच्याकडं कारखाने इथेनॉल काढायलेत म्हणून आनंदच आहे, पण ते पाणी ओढतं, जुने रबर पाइप आणि काही फायबरच्या टाक्यांचं रेझिन नरम करतं. काचेच्या नळीत थोडं पाणी घ्यायचं, खूण करायची, वर पेट्रोल ओतून हलवायचं. पाण्याची पातळी खुणेच्या वर आली तर इथेनॉल आहे. ह्याला काय लायसन लागत नाही.

परभणीचा_पोरगा
तिकडं पाना कोणाच्या हातात यावर भांडण, इकडं अमोल यादवांनी कांदिवलीत घराच्या गच्चीवर विमान बांधलं, २०१६ ला मेक इन इंडियात मांडलं, तरी रजिस्ट्रेशन मिळायला २०१७ चा नोव्हेंबर उजाडला. आपल्याला मेंटेनन्सचा प्रश्न पडायला अजून टाइम आहे 🙏 (आणि राइट बंधूंच्या आधी मुंबईत विमान उडवलं म्हणतात त्या तळपदेंचा विषय कोणी काढू नका, मागच्या वेळी धागा बंद पडला होता.)

वाळूज_नाईट_शिफ्ट
एएमई काकांचं पटलं. पण मामा, तुमचं मत बदललं का नाही?

लातूरचा_बेअरिंगवाला
अर्धं. काकांचं वाचून रात्रीच फोन लावला, म्हणलं व्हॉल्व्ह कुठंय दाखव. कॅमेरा आत नेला त्यानं, पायांच्या मध्ये आहे, पट्टा लावून हात पुरतो, दोनदा फिरवून दाखवायला लावलं. वार्षिक इन्स्पेक्शनचं विचारलं तर म्हणे ज्यानं बांधलं तो म्हातारा दोन तासांवर राहतो, त्याचं सर्टिफिकेट अजून चालतंय, तोच येऊन सगळं खोलून बघणार आहे आणि सही करणार आहे. म्हणलं त्याला जेवू घालून पाठव.