मेंडेलसोनचा ई मायनर कन्चेर्टो: ‘गोड पण उथळ’?

चौथी तार: काल ‘मंद्र’ यांनी लिहिलं की मेंडेलसोनचा व्हायोलिन कन्चेर्टो (एकटं व्हायोलिन आणि ऑर्केस्ट्रा यांच्यासाठीची रचना) शिकाऊंसाठी ठीक, सूर गोड पण खोली नाही, खरा कन्चेर्टो ब्राम्सचा. हे वाचून गप्प बसवेना.

बेथोवनच्या कन्चेर्टोत व्हायोलिन यायला तीनेक मिनिटं लागतात, इथे दीड बारात (बार म्हणजे मात्रांचा एक गट) येतं. सुरुवातीपासूनच जीव टांगणीला! आणि दुसरी धून ऐका. ती क्लॅरिनेट-फ्लूट वाजवतात. व्हायोलिन खाली मोकळ्या (बोट न ठेवलेल्या) जी तारेवर एकच सूर धरून, तानपुऱ्यासारखं. मोकळ्या तारेवर व्हायब्रॅटोचा (बोट हलवून सूर थरथरवण्याचा) आडोसा नाही. गजाचा दाब जरा वाढला की तार घुमते आणि धून बुजते. गज उलटताना खटका आला तर सगळी शांतता गेली. हे शिकाऊंचं काम?

मंद्र: वाजवायला अवघड आहे म्हणून आशय खोल होत नाही. ब्राम्सचा ऑर्केस्ट्रा व्हायोलिनशी झुंजतो. मेंडेलसोनकडे ते वजनच नाही, ट्रॉम्बोनसुद्धा नाहीत.

चौथी तार: ट्रॉम्बोन ब्राम्सच्या कन्चेर्टोतही नाहीत! हॉर्न दोनाचे चार, एवढाच फरक. लिहिण्याआधी स्कोअर (छापील स्वरलिपी) उघडा.

मंद्र: ट्रॉम्बोनबाबत चुकलो. भाषा मात्र सांभाळा.

गजकरी: कॅडेन्झाबद्दल, म्हणजे वादक एकटाच वाजवतो त्या भागाबद्दल, कोणीच बोलत नाही. ब्राम्सने ती व्हायोलिनवादक योआखिमवर सोडली. मेंडेलसोनने स्वतः लिहिली, आणि शेवटी न ठेवता मूळ धून परतण्याआधी ठेवली. चारही तारांवर उडत्या गजाचे आर्पेजिओ (एकामागोमाग सुटे वाजवलेले जुळणारे सूर) चालू असतानाच ऑर्केस्ट्रा हलकेच ती धून घेतो. म्हणजे नायकच साथीला बसतो.

लयवेडा: आणि तिथेच नव्वद टक्के वादक घाई करतात.

गजकरी: टक्के कुठून आणले? घाईचं कारण गजात आहे. मध्याजवळ तो सावकाश उडतो, टोकाकडे भरभर. आर्पेजिओ वाजवताना हात नकळत टोकाकडे सरकला की लय पळते. आधी गज न उडवता चारही तारा सलग घ्या, कोपर प्रत्येक तारेच्या पातळीवर जाऊ द्या. मग मध्याजवळ तर्जनीचा दाब काढा, गज आपोआप उडेल. मुद्दाम उडवलात तर खडखडेल.

लयवेडा: टक्के मागे घेतो. पण कंडक्टरनेही व्हायोलिनची लय ऐकूनच धून घ्यावी. उडता गज ऐनवेळी आवरत नाही.

मंद्र: मूळ प्रश्न राहिला बाजूला. पहिल्या मूव्हमेंटनंतर (भागानंतर) बसून हे फुंकवाद्य एकटं बी सूर धरून राहतं, तो सूर अर्धा स्वर चढून सी होतो आणि अँडान्टे, म्हणजे संथ दुसरा भाग, उघडतो. ती जागा खोल आहे, हे मान्य करावं लागेल. लोक मध्येच टाळ्या वाजवतात तेव्हा नेमका तोच बी बुडतो, याचा मलाही संताप येतो. ई मेजरमधला शेवट मात्र मला अजूनही हलकाच वाटतो.

चौथी तार: हलका आहेच, तो तसाच हवा. त्याआधीचे अलेग्रेटोचे (मध्यम गतीचे) चौदा बार नीट ऐका, ई मायनरची हुरहूर तिथे पुन्हा येऊन जाते. ती नसती तर तुमचं म्हणणं मी मानलं असतं.