ब्रिजचं सिरॅमिक उडालंय, धातू दिसतोय. त्यावर कॉम्पोझिट (दाताच्या रंगाचं रेझिन) टिकवायला काय घेऊ?

दंतसखी_अंबाजोगाई: वरच्या पुढच्या दातांचा पीएफएम ब्रिज (धातूवर सिरॅमिक चढवलेले, एकमेकांना जोडलेले पक्के दात), आत निकेल-क्रोमियम. एका दाताचं सिरॅमिक उडून धातू उघडा पडलाय. ब्रिज घट्ट आहे. पेशंटच्या मुलीचं लग्न तोंडावर आलंय. सँडब्लास्टर (बारीक वाळू मारायचं यंत्र) नाही. सामानाला तीन हजारांच्या आत काय घेऊ?

जुना_दातवाला: कापून नवा करा. ठिगळं टिकत नाहीत.

डॉ_करवीर: चेअरसाइड सँडब्लास्टर घ्याच. ५० मायक्रॉन अल्युमिना मारला की पृष्ठभाग खडबडीत होतो, तिथे रेझिन अडकतं. माझ्याकडे कोजेटची वाळूही आहे, ३० मायक्रॉन, सिलिकाचा थर चढवते. त्यावर सायलेन (सिरॅमिक आणि रेझिन जोडणारं द्रव्य) लावतो. माझी एकही दुरुस्ती परत आली नाही.

दंतसखी_अंबाजोगाई: सर, तीन हजार!

मोलर_मावशी: सायलेन पुरे. मी तेवढंच लावते.

रेझिनवेडा: मावशी, सायलेन सिरॅमिकला धरतं, उघड्या धातूला नाही. करवीर सरांचं चालतं कारण आधी सिलिका बसते. धातूला एमडीपी नावाचा रेणू असलेला मेटल प्रायमर (कॉम्पोझिट चिकटावं म्हणून आधी लावायचं द्रव्य) हवा. त्याचं फॉस्फेटचं टोक क्रोमियमच्या ऑक्साइडला धरतं, दुसरं टोक कॉम्पोझिटमध्ये गुंफलं जातं. सोन्यावर असा ऑक्साइड नसतो, तिथे गंधकवाला प्रायमर लागतो.

जुना_दातवाला: सोन्याचे क्राऊन आम्ही केले तेव्हा प्रायमर नव्हते, तरी वर्षानुवर्षं बसून राहिले!

रेझिनवेडा: सर, ते सिमेंट आणि तुमच्या प्रेपरेशनमुळे (दात घासून दिलेल्या आकारामुळे). इथे चपट्या धातूवर कॉम्पोझिट उभं करायचंय.

नाशिकची_डेंटिस्ट: कडेच्या सिरॅमिकला हायड्रोफ्लोरिक ॲसिड वापरणार असाल तर रबर डॅम (दाताभोवतीचा रबरी पडदा) लावाच. माझ्या ओळखीतल्या एका दवाखान्यात पेशंटची हिरडी भाजली होती. आणि प्रायमरनंतर ओपेकर विसरू नका, नाहीतर धातूचा करडेपणा वर दिसतो.

मोलर_मावशी: ओपेकर हवाच. सायलेनही.

डॉ_करवीर: नुसत्या बरवर (घासायच्या फिरत्या टोकावर) करू नका. सँडब्लास्टर घ्या.

घासून_बघा: सिरॅमिक उडालं कशामुळे? आर्टिक्युलेटिंग पेपर (दात टेकतो तिथे खूण उमटवणारा कागद) लावून खालचा दात कुठे आपटतो ते आधी बघा. तो आघात राहिला तर कुठलाही प्रायमर हरेल. धातू घासताना मास्क आणि सक्शन हवं, निकेलची धूळ वाईट.

दंतसखी_अंबाजोगाई: पेपर लावला. खालचा सुळा बाजूला सरकताना नेमका तिथेच आपटतो. तो थोडा कमी करते. धातू डायमंड बरने खडबडीत करून मेटल प्रायमर, ओपेकर, वर कॉम्पोझिट. कडेच्या सिरॅमिकला माझ्याकडचं सायलेन. हायड्रोफ्लोरिक नको, सँडब्लास्टरही आत्ता नको. लग्नानंतर नवा ब्रिज करावा लागेल असं पेशंटला सांगितलंय, त्यांना मान्य आहे.

डॉ_करवीर: ते कॉम्पोझिट निघून येईल बघा.