सुईतल्या फायबरवरून टोकाची जागा कशी काढायची?

प्रश्न:
बायोमेडिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. बायोप्सीची तिरकस टोकाची सुई ऊतीत शिरताना एका बाजूला वळते, हे जेलमध्ये टोचून पाहिलं. तिच्यात फायबर ब्रॅग ग्रेटिंग (काचेच्या तंतूत कोरलेली बारीक रचना; ती एका ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश परत पाठवते आणि तंतू ताणला की ती तरंगलांबी सरकते) बसवून वाक मोजायचाय. एक फायबर पुरेल का? एमआरआयमध्ये चालेल?

प्रतिसाद १:
एकाने भागणार नाही. सुईच्या अक्षाभोवती १२० अंशांवर तीन फायबर बसव. सुई वाकली की बाहेरच्या बाजूचं ताणलं जातं, आतलं दाबलं जातं. त्या फरकातून वाक किती आणि कुठल्या दिशेला, दोन्ही निघतं. लांबीवर दोन-तीन ठिकाणी ग्रेटिंग ठेवलीस तर वक्रतेचं दोनदा इंटिग्रेशन करून टोक सापडतं. पण ते सुईच्या मुठीच्या संदर्भात! गाठ कुठे आहे हे फायबरला कळत नाही, त्यासाठी अल्ट्रासाउंड किंवा एमआरआय लागणारच. फायबर काचेचं, चुंबकाचा त्रास नाही. एमआरआयसाठी सुई मात्र नायटिनॉलची (निकेल-टायटॅनियमचा मिश्रधातू) घे.

प्रतिसाद २:
तापमानाचं काय? १५५० नॅनोमीटरजवळ दर अंश सेल्सिअसला तरंगलांबी साधारण १० पिकोमीटर सरकते, दर मायक्रोस्ट्रेनला (लांबीत दहा लाखांत एक भाग बदल) साधारण १.२ पिकोमीटर. सुई २५ अंशांवरून ३७ वर गेली की शंभरेक मायक्रोस्ट्रेनचा खोटा ताण दिसेल. तो तिन्ही फायबरमध्ये सारखाच असतो, म्हणून तिन्हींची सरासरी प्रत्येकातून वजा कर, तो निघून जातो. मला हा भाग फार सुंदर वाटतो.

प्रश्नकर्ती:
म्हणजे तापमानासाठी चौथं फायबर नको! आणि कॅलिब्रेशन?

प्रतिसाद १:
फायबर चिकटवून गोंद पूर्ण वाळल्यावरच. माहीत असलेल्या त्रिज्येच्या खाचांत सुई वाकवून, अनेक दिशांना.