खोकला आला की लघवी सुटते, लेझर करावं का?

अबोली: मोठ्या बहिणीसाठी विचारतेय. वय ५२, पाळी जाऊन दोन वर्षं झाली. खोकला-शिंक आली किंवा भरलेली बादली उचलली की लघवी सुटते. लेझरच्या तीन सिटिंग सुचवल्यात, महिन्याच्या अंतराने. भूल नाही, टाके नाहीत. याने थांबतं का?

रानजाई: यात दोन लेझर जास्त चालतात, कार्बन डायऑक्साइड आणि अर्बियम याग. योनीच्या भिंतीला आतून मोजकी उष्णता दिली की कोलॅजन (भिंतीला बळकटी देणारं प्रथिन) आकसतं, पुढे नवं तयार होतं आणि मूत्रनलिकेला खालून आधार मिळतो, अशी कल्पना. कल्पना पटण्यासारखी आहे, पुरावा तोकडा आहे. अमेरिकेच्या एफडीएने जुलै २०१८ मध्येच बजावलं की या कामासाठी अशा यंत्रांना मान्यता नाही. भाजणं, व्रण राहणं, संबंधाच्या वेळी दुखणं असे त्रास नोंदले गेलेत. कोणता उपचार कधी करावा हे सांगणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेने २०२१ मध्ये सांगितलं की खोकल्याने लघवी सुटते म्हणून लेझर करायचं तर फक्त संशोधनातच करा. पैसे भरण्याआधी डॉक्टरांना हे दोन्ही विचारा.

सदाफुली: आधी गळती कोणती ते ठरवा. खोकल्याने सुटते ती वेगळी आणि लागली की बाथरूमपर्यंत धीर निघत नाही ती वेगळी. दुसरीवर उपचारच निराळे. तीन दिवस वहीत लिहा: किती वाजता, मापाच्या भांड्यात किती मिली, काय करताना सुटली. लघवीची तपासणीही करून घ्या, जंतुसंसर्ग असला तर तो आधी बरा करावा लागतो.

मग व्यायाम. वारा अडवतो तसं आवळून आत-वर ओढायचं. सहा-आठ सेकंद धरा, तितकाच वेळ पूर्ण सैल सोडा. एका वेळी किमान आठदा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. बहुतेकींचं चुकतं ते इथे: श्वास रोखतात, ढुंगण-मांड्या आवळतात, नाहीतर खाली जोर देतात. खाली जोर दिला तर गळती वाढते. एक बोट योनीत घालून पाहावं. बोट आवळलं जाऊन आत ओढल्यासारखं वाटलं तर बरोबर, बाहेर ढकललं गेलं तर चूक. लघवी मध्येच थांबवून रोज सराव करू नका. आणि शिंक येतेय असं कळताच, शिंकेच्या आधी आवळा. हे अंगवळणी पडलं की फरक पडतो. जमत नसेल तर ओटीतळाचं (मूत्राशय आणि योनीला खालून आधार देणाऱ्या स्नायूंचं) काम करणारी फिजिओथेरपिस्ट गाठा.

प्राजक्त: कोरडेपणा, जळजळ, घाई असेल तर योनीत लावायचं एस्ट्रिऑल क्रीम: सहसा ०.५ मिलिग्रॅम रोज रात्री दोन आठवडे, मग आठवड्यातून दोनदा. नुसत्या क्रीमने खोकल्याची गळती थांबेल असं मात्र धरू नका. स्तनाचा कर्करोग झालेला असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. पाळी गेल्यावर रक्त दिसलं किंवा लघवीतून रक्त गेलं तर सगळं बाजूला ठेवून आधी तपासणी. व्यायामाने भागलं नाही तर मूत्रनलिकेखाली पट्टी बसवायची शस्त्रक्रिया आहे. तिचेही धोके आहेत, पण तिच्यामागे कितीतरी वर्षांचा अभ्यास आहे.

बहिणीला बीपीची गोळी चालू आहे का? कोणती?

अबोली: हो, एनालाप्रिल. कोरडा खोकला कायमच असतो.

प्राजक्त: मग लेझरच्या आधी हे बघा. त्या गटातल्या गोळ्यांनी काहींना कोरडा खोकला लागतो, आणि प्रत्येक खोकल्याला ओटीतळावर दाब येतो. आपणहून बंद करू नका, डॉक्टरांना दुसरी गोळी देता येते. बदलल्यावर खोकला जायला काही आठवडे लागू शकतात.