गोल्फच्या तळ्यात जलपर्णी: फवारून काय साधणार?

काठावरचा
कालच्या धाग्यात एकाने ठोकून दिलं, "गोल्फ कोर्सच्या तळ्यात ग्लायफोसेट हे तणनाशक मारा, पंधरवड्यात पाणी साफ." अहो, मेलेली जलपर्णी जाते कुठे? तळाशी बसून कुजते, पाण्यातला ऑक्सिजन संपतो, मासे तरंगायला लागतात. तिच्यातलं नत्र-स्फुरद तळ्यातच राहतं, त्यावर नवी उगवते. चिखलातलं बी १५-२० वर्षं जिवंत असतं. वर हिरवळीला घातलेलं खत पावसाबरोबर तळ्यातच उतरतं, ते वेगळंच. त्यापेक्षा हाताने उपसून बाहेर काढा.

हिरवळवाला
मी कोर्सवरच काम करतो. सगळं तळं एकदम फवारलं तर मासे मरणारच! एक तृतीयांश भाग घ्यायचा, दोन आठवडे थांबायचं, मग पुढचा. हाताने काढा म्हणणाऱ्यांनी एकदा कमरेएवढ्या गाळात उतरून बघावं. ओल्या जलपर्णीत नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं, मुळांचा काळा झुपका गाळासकट वर येतो, गडी दुपारीच टेकीला येतात. चार रोपं सुटली की तळं परत हिरवं.

कीडमित्र
जलपर्णी खाणारे निओकेटिना भुंगेरे तळ्यात सोडा. १९८२ मध्ये भारतात आणले, बंगळुरूकडच्या तलावांत काम केलं. पानांवर बारीक खरवडल्यासारखे चट्टे दिसले की समजायचं, लागले कामाला.

हिरवळवाला
आणि त्याला वर्षं लागतात, ते कोण सांगणार? सांडपाणी येत असेल तर भुंगेऱ्यांच्या खाण्यापेक्षा जलपर्णीची वाढ जास्त.

टँकरग्रस्त
मुळात गोल्फला पाणी कशाला? आमच्या सोसायटीत उन्हाळाभर टँकर, आणि कुंपणापलीकडे तुषार सिंचन! संध्याकाळी डासांनी बाल्कनीत उभं राहवत नाही. मॅन्सोनिया डासाच्या अळ्या जलपर्णीच्या मुळांनाच चिकटून श्वास घेतात.

हिरवळवाला
आमच्याकडे प्रक्रिया केलेलं सांडपाणी वापरतात. तुम्ही ते पिणार आहात का?

टँकरग्रस्त
पिणार नाही, पण फ्लशला आणि बागेला चालेल की! तेवढेच टँकर कमी होतील. आईला गुडघेदुखीत बादल्या उचलाव्या लागतात, तुम्हाला काय कळणार?

काठावरचा
भांडण टँकरवर गेलंय, पण मुद्दा तिथेच आहे. त्या प्रक्रिया केलेल्या पाण्यात स्फुरद उरतो, तोच जलपर्णीचा खुराक. टप्प्याटप्प्याने फवारायचं हे मान्य, मासे वाचतील. पण केंद्राने ऑक्टोबर २०२२ मध्ये ग्लायफोसेट फक्त पेस्ट कंट्रोल ऑपरेटरनेच वापरावं अशी अधिसूचना काढली, आणि इथे माळ्याच्या पाठीवर पंप देतात, हातमोजेही नसतात.

हिरवळवाला
हातमोज्यांचं बरोबर आहे. बाकी, तळं उपसायला कधी येताय ते कळवा.