मदत हवी आहे: दीक्षावर कोर्स 100 टक्के, प्रमाणपत्र नाही. 23 वर्षांनंतर ही सक्ती हवीच का?

निळी_शाई:
दीक्षा या शिक्षक प्रशिक्षणाच्या सरकारी ऑनलाइन व्यासपीठावर कोर्स पूर्ण दाखवतोय, पण प्रमाणपत्र येत नाही. परवा मुख्याध्यापकांना यादी द्यायची आहे, कृपया लवकर सांगा. आणि मुळात इतकी वर्षं शिकवल्यावर हे प्रशिक्षण कशासाठी? तेवढ्या वेळात एका तुकडीच्या वह्या तपासून होतात.

खडू_डस्टर:
कोणता कोर्स? अ‍ॅपवर की संगणकावर? चाचणीत गुण किती? 100 टक्के म्हणजे सगळे घटक पाहून झाले, एवढंच. निष्ठाच्या (केंद्राच्या शिक्षक प्रशिक्षण कार्यक्रमाच्या) कोर्सला शेवटच्या चाचणीत 70 टक्के लागतात, संधी 3.

सातबारा:
23 वर्षं म्हणजे निवड श्रेणी, 24 वर्षांच्या सेवेनंतरची वरची वेतनश्रेणी, जवळ आली. त्याचं प्रशिक्षण वेगळं, पुण्याच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेचं. दीक्षाचं प्रमाणपत्र तिथे चालणार नाही.

खडू_डस्टर:
त्यांनी ते विचारलेलं नाही.

पहिला_तास:
हे सगळं सोडा, टीईटीचं (शिक्षक पात्रता परीक्षेचं) बघा. 1 सप्टेंबर 2025 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे. ज्यांची नोकरी 5 वर्षांपेक्षा जास्त उरली आहे, त्यांना 2 वर्षांत उत्तीर्ण व्हावंच लागेल.

निळी_शाई:
मी नववी-दहावीला गणित शिकवते, टीईटी पहिली ते आठवीला. कोर्स निष्ठाचाच, मोबाइलवर. चाचणी एकदाच दिली, 20 पैकी 12.

खडू_डस्टर:
मग अडलंय तिथेच. 14 हवेत. सर्वांत जास्त गुण धरले जातात, त्यामुळे पुन्हा दिल्याने नुकसान नाही. पण घाईने देऊ नका, आधी घटकांसोबतच्या पीडीएफ वाचा. नुसते व्हिडिओ पाहून गेलेले लोक याच चाचणीत अडकतात. त्याच लॉगिनने जा. एकदा मोबाइल नंबरने आणि एकदा गुगलने गेलात तर दोन खाती होतात आणि प्रगती विभागली जाते. प्रोफाइलमधलं नाव तपासा, प्रमाणपत्रावर तेच छापून येतं. बॅचची शेवटची तारीखही बघा. उत्तीर्ण झाल्यावरही प्रमाणपत्राला काही दिवस लागू शकतात, म्हणून परवाच्या यादीसोबत गुणांचा स्क्रीनशॉट द्या.

पाठ_टाचण:
मॅडमचा दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे. जपानने 2009 मध्ये शिक्षकांच्या परवान्याचं नूतनीकरण सक्तीचं केलं, दर 10 वर्षांनी 30 तास. 2022 मध्ये ते रद्द केलं. तिथली जुग्यो केनक्यू मात्र चालू आहे: एका विषयाचे शिक्षक मिळून पाठ आखतात, एक जण शिकवतो, बाकीचे मुलांकडे बघतात. आपल्याकडे केंद्रातले (जवळच्या शाळांच्या गटातले) चार गणित शिक्षक हे करू शकतात. 'अ अधिक ब' चा वर्ग विस्तारायला द्या, 40 उत्तरं गोळा करा, चुकांचे ढीग लावा. '2अब' गाळणारे वेगळे, फक्त चिन्ह चुकवणारे वेगळे. पहिल्या ढिगाला चौरसाचे चार तुकडे करून दाखवा, तीन आठवड्यांनी पुन्हा तपासा. अनुभवी शिक्षकाला असं प्रशिक्षण हवं. सगळ्या विषयांना एकच व्हिडिओ दाखवून ते होत नाही.

खडू_डस्टर:
पद्धत पटते, सक्ती काढणं पटत नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार 7 वरून 21 झाले, अध्ययन अक्षमता त्यात आली. त्याआधी बी.एड. झालेल्या अनेकांना तिथे हे नीट शिकायला मिळालेलं नाही. अनुभवाने अंकज्ञानातली अडचण ओळखता येईलच असं नाही. वर्षानुवर्षं त्या मुलाला 'आळशी' म्हटलं जातं. ऐच्छिक ठेवलं तर नेमके ज्यांना गरज आहे तेच येणार नाहीत.

पाठ_टाचण:
मग तेवढंच सक्तीचं ठेवा. नवीन कायदा, नवीन मूल्यमापन, बस. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातले प्रशिक्षणाचे वर्षाचे 50 तास सगळ्यांना सारखेच कशाला?

सातबारा:
निवड श्रेणी वरिष्ठ वेतनश्रेणीतल्या (12 वर्षांच्या सेवेनंतरच्या) 20 टक्के पदांनाच मिळते, हेही लक्षात ठेवा.

निळी_शाई:
20 पैकी 17. प्रोफाइलमध्ये आडनाव नव्हतं, घातलं. स्क्रीनशॉट दिला. खडू_डस्टर सर, अंकज्ञानाचं तुम्ही लिहिलंत ते नीट विचारायचं आहे. नववीत असा विद्यार्थी असेल तर तपासणी कुठे करून घ्यायची आणि दहावीच्या सवलतीसाठी शाळेने बोर्डाकडे अर्ज कधी करायचा?