ब्रेक दाबल्यावर गाडी डावीकडे ओढली जाते, पण जास्त तापते उजवे चाक : मदत हवी आहे

नमस्कार.

माझ्याकडे 2013 सालची पेट्रोलवर चालणारी छोटी हॅचबॅक आहे. पुढे डिस्क ब्रेक, मागे ड्रम ब्रेक, एबीएस (ब्रेक लावताना चाके लॉक होऊ न देणारी यंत्रणा) नाही आणि आजवरचे चालणे 68,000 किलोमीटर. गेल्या दोन महिन्यांपासून ब्रेक दाबला की ती डावीकडे ओढली जाते. ब्रेक न दाबता स्टेअरिंग हलके धरले तर गाडी सरळ चालते. मात्र ताशी 50 किलोमीटरच्या वेगात मध्यम जोराने ब्रेक लावला तर स्टेअरिंग उजवीकडे आवळून धरावे लागते. पावसाळ्यात, शेजारून बेस्टची बस जात असताना, हा प्रकार मुळीच सुखाचा नाही.

मे महिन्यात घराजवळच्या गॅरेजमध्ये पुढचे ब्रेक पॅड (डिस्कवर दाबले जाऊन ती थांबवणारे तुकडे) बदलून घेतले होते आणि त्यानंतर साधारण तीन आठवड्यांनी हा दोष जाणवू लागला. तक्रार केल्यावर त्यांनी दोनदा व्हील अलाइनमेंट केले आणि पुढच्या टायरांची डावी-उजवी अदलाबदल केली, पण फरक पडला नाही. आता मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइलमध्ये दाब निर्माण करणारा भाग) बदलावा लागेल असे ते म्हणतात. दुसऱ्या एका मेकॅनिकने चाक न उघडताच लोअर आर्मचे, म्हणजे चाक खालून धरणाऱ्या दांड्याचे, रबरी बुश गेल्याचे सांगितले. दोन्ही कामे खर्चिक आहेत आणि दोन्ही निदाने एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून हा धागा काढत आहे.

मी स्वतः केलेली एक चाचणी सांगतो. रविवारी पहाटे वांद्रे-कुर्ला संकुलातल्या सपाट, रिकाम्या रस्त्यावर आठ-दहा वेळा ब्रेक लावून गाडी थांबवली आणि एसी दुरुस्तीचे काम करणाऱ्या मेहुण्याकडून आणलेल्या इन्फ्रारेड थर्मामीटरने तापमान पाहिले. पुढची डावी डिस्क 92 अंश सेल्सिअस, तर उजवी 131 अंश भरली. मागचे दोन्ही ड्रम जवळपास सारखेच होते. माझा गोंधळ इथेच आहे. जे चाक जास्त तापते ते जास्त ब्रेक लावत असणार, मग गाडी उजवीकडे ओढली जायला हवी. ती डावीकडे का जाते?

पेडल घट्ट आहे, खोल जात नाही, ब्रेक ऑइलची पातळी कमी झालेली नाही आणि खड्ड्यातून जाताना पुढून खटका येत नाही. आम्ही वर्सोव्याला समुद्रापासून पाच मिनिटांच्या अंतरावर राहतो आणि गाडी बाराही महिने उघड्यावर उभी असते. पत्नीचे असेही म्हणणे आहे की ब्रेक सोडल्यावर गाडी क्षणभर किंचित उजवीकडे जाते. मला मात्र तो भास वाटतो.

प्रतिसाद 1

सर्वप्रथम थंड टायरमधली हवा मोजावी. शिवाय पावसाचे पाणी वाहून जावे म्हणून रस्त्याचा मध्य उंच आणि कडा उतरत्या ठेवतात, त्यामुळे आपल्याकडे डाव्या बाजूने चालणारी गाडी थोडी डावीकडे सरकतेच. आपण यालाच दोष समजत नाही ना?

धागाकर्ता

हवा दोन्ही बाजूंना 32 पीएसआय आहे आणि ती सकाळी, गाडी हलवण्यापूर्वी मोजली होती. उतारामुळे गाडी सरकत असती, तर ब्रेक न दाबताही सरकली असती.

प्रतिसाद 2

आपण सर्वांत मोलाची माहिती शेवटच्या ओळीत, तीही भास म्हणून लिहिली आहे. आपल्या पत्नीचे निरीक्षण बरोबर असावे असे मला वाटते, आणि ते बरोबर धरले तर तापमानाचे कोडेही सुटते.

ब्रेक लावल्यावर गाडी त्या बाजूला ओढली जाते ज्या बाजूचा ब्रेक अधिक जोराने किंवा आधी लागतो. म्हणजे गाडी डावीकडे जात असेल तर दोष बहुधा उजव्या चाकात असतो, आणि आपल्या गॅरेजवाल्यांनी नेमके हेच लक्षात घेतलेले दिसत नाही. तापमानाबाबत सांगायचे तर चाक दोन कारणांनी तापते: एक म्हणजे ब्रेक दाबलेला असताना ते जास्त काम करते म्हणून, आणि दुसरे म्हणजे ब्रेक सोडल्यावरही पॅड डिस्कला घासत राहतात म्हणून. आपले उजवे चाक दुसऱ्या कारणाने तापत असावे.

दाब उशिरा पोहोचणे आणि उशिरा सुटणे, या दोन्ही गोष्टी एकाच चाकात घडत असतील तर माझा पहिला संशय कॅलिपरकडे, म्हणजे पॅड डिस्कवर आवळणाऱ्या भागाकडे, ऑइल नेणाऱ्या रबरी होज पाइपवर जातो. असा पाइप बाहेरून धडधाकट दिसतो, पण आतून सुजून किंवा सोलवटून त्याची वाट अरुंद होते. पायाचा जोर मोठा असल्यामुळे ऑइल कसेबसे पुढे रेटले जाते, पण पाय उचलल्यावर ते परत यायला तेवढा जोर मागे नसतो. आपल्या गाडीचे पाइप मूळचेच असतील तर ते आता बरेच म्हातारे झाले आहेत. समुद्राजवळच्या गाड्यांत आणखी एक गोष्ट घडते. पाइप जिथे लोखंडी पट्टीत धरलेला असतो तिथे ती पट्टी आतून गंजते, गंज फुगतो आणि पाइप आवळला जातो. पॅड बदलताना कॅलिपर तारेने न बांधता पाइपवरच लोंबकळत ठेवण्याची वाईट सवयही अनेक मेकॅनिकना असते, आणि जुन्या पाइपच्या आतल्या थराला तेवढा ताण पुरतो.

मास्टर सिलिंडरबद्दल मी साशंक आहे. अशा गाड्यांत ब्रेकची विभागणी बहुधा तिरकी असते, म्हणजे पुढचे उजवे आणि मागचे डावे चाक एका वाटेवर असते. दाब वरच अडकत असता तर मागचा डावा ड्रमही तापला असता. आपले दोन्ही ड्रम सारखे आहेत. लोअर आर्मचे बुश सैल झाले तर ब्रेक लावताना चाक मागे सरकून गाडी ओढली जाऊ शकते, हे खरे, परंतु बुशामुळे डिस्क तापत नाही.

तरीही पाइपच दोषी आहे असे मी इथे बसून म्हणणार नाही, कारण कॅलिपरचा पिस्टन जॅम झाला किंवा त्याच्या सरकत्या पिना गंजल्या तरी पुष्कळशी अशीच लक्षणे दिसतात. त्यांतला फरक ओळखायची चाचणी मात्र कुठल्याही गॅरेजमध्ये दहा मिनिटांत होते. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून हँडब्रेक लावावा, मागच्या चाकांना दगड लावावेत, पुढची बाजू जॅकने उचलून खाली भक्कम टेकू द्यावा आणि उजवे चाक काढावे. इंजिन सुरू ठेवून एकाने ब्रेक जोरात दाबून सोडावा, मग इंजिन बंद करून डिस्क हाताने फिरवून पाहावी. ती अडकत असेल तर कॅलिपरवरचे ब्लीडर निपल (ऑइल बाहेर सोडायचे छोटे तोंड) किंचित सैल करावे. ऑइलची चिळकांडी उडून डिस्क लगेच मोकळी झाली तर दाब पाइपात अडकत होता. निपल उघडूनही डिस्क अडकलेलीच राहिली तर पिस्टन किंवा पिना जॅम आहेत. ब्रेक ऑइल गाडीचा रंग खाते, म्हणून फडके आणि पाणी जवळ ठेवावे.

हे होईपर्यंत द्रुतगती मार्गावर जाऊ नये, ही विनंती. ओल्या रस्त्यावर हाच दोष गाडी आडवी करू शकतो.

धागाकर्ता (आठ दिवसांनी)

सविस्तर उत्तराबद्दल मनापासून आभार. गॅरेजवाले चाचणीला आढेवेढे घेत होते, परंतु मी समोर उभे राहून ती करवून घेतली. ब्रेक सोडल्यावर उजवी डिस्क हाताने जेमतेम हलत होती आणि निपल सैल करताच ती मोकळी फिरू लागली. पाइप काढल्यावर पट्टीखालचा भाग गंजाने इतका आवळलेला दिसला की त्यात फुंकर मारली तर हवा मोठ्या कष्टाने पलीकडे जात होती. मुंबईतल्या ऑपेरा हाऊसच्या सुट्या भागांच्या बाजारातून दोन्ही बाजूंचे पाइप आणले, नवे डॉट 4 ऑइल भरून चारही चाकांचे ब्लीडिंग केले, म्हणजे ऑइलमधली हवा काढली, आणि त्याच रस्त्यावर पुन्हा चाचणी घेतली. डावी डिस्क 97 अंश, उजवी 101 अंश, आणि गाडी सरळ थांबते. पत्नीची माफी मागून झाली आहे.

एकच शंका उरली आहे. उजव्या बाजूचे पॅड दोन महिने घासत राहिले. ते बदलावेत का?

प्रतिसाद 2

चाक उघडून पॅडची जाडी डाव्या पॅडशी ताडून पाहावी आणि पृष्ठभाग तिरप्या उजेडात न्याहाळावा. तो काचेसारखा चकचकीत झाला असेल, त्याला भेगा असतील किंवा डिस्कवर निळसर डाग असतील तर पॅड बदलावेत, आणि तेही दोन्ही बाजूंचे एकदम, अन्यथा डावी-उजवी पकड पुन्हा असमान होईल. तसे काही नसेल तर आहेत तेच राहू द्यावेत. या वेळी मात्र कॅलिपर तारेने बांधलेला आहे ना, हे समोर उभे राहून पाहावे.